वाल्टरराव आमटी वाढतात

"...मग शेवटच्या प्रकरणात लिहू तरी काय, बुवा?"

वॉल्टर हेन्शॉ हे मराठीतून विचारत होते. तरुणपणी ते दोन वर्षं देवदरीला कोंबडीपालन शिकवायला आले होते. कोंबड्या काही फारशा जगल्या नाहीत, मराठी मात्र जगली. पुढे मायदेशी जाऊन ते वकील झाले, सिनेटर झाले आणि लागोपाठ आठ वर्षं चक्क अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. आता आत्मचरित्राचं बाड घेऊन ते पुन्हा देवदरीच्या मठात आले होते.

येसोबाबुवा मठाच्या ओट्यावर लसूण सोलत होते. नव्वदी उलटली होती, पण बोटं चालू होती.

"किती पानं झाली?"

"आठशे. शेत, शाळा, निवडणुका, सगळं लिहिलं. पण माझा बंगला मी नव्या अध्यक्षबाईंच्या ताब्यात दिला, तो दिवस... तिथं पेन अडतं. सहा वर्षं झाली."

"का बरं?"

"आमच्याकडे तिसऱ्यांदा उभं राहता येत नाही. नाहीतर लोकांनी मलाच निवडलं असतं! आणि त्या बाई सगळं चुकीचं करतात. मी रोज टीव्हीसमोर बसून ओरडतो."

"ऐकतात का त्या?"

"...नाही."

बुवांनी आणखी एक पाकळी सोलली.

"तुम्हाला तिकडं हाक काय मारतात आता?"

"अध्यक्षमहोदय. एकदा झालेल्या माणसाला मरेपर्यंत तसंच म्हणायची रीत आहे."

"अरेरे," बुवा कळवळून म्हणाले. "चला, जेवून घ्या."

मठाची एक जुनी रीत होती. पहिल्या पंगतीला जेवलेल्यांनी दुसरीला वाढायचं, दुसरीतल्यांनी तिसरीला. पाहुणा असो की पाटील, सूट कुणालाच नाही. काळ्या चष्म्याचे दोन अंगरक्षकसुद्धा जेवून उठल्यावर मुकाट मीठ वाढायला लागले.

वॉल्टर यांच्या हाती आमटीची बादली आली.

सुरुवातीला ओगराळं सदऱ्यावरच सांडलं, मग हात बसला. "आमटी घ्या, आमटी!" ते ओरडत सुटले. "लाजू नका, मावशी!" लोक हसत होते, मागून मागून घेत होते. वॉल्टर यांना फार बरं वाटलं. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसरी पंगत उठली. तिसरी बसली. दुसरीत जेवलेली अनसाबाई हात धुऊन, पदर खोचून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"द्या बादली."

"राहू द्या बाई, मीच वाढतो. आता मला चांगलं जमतंय."

"जमतंय ते दिसलं की. द्या."

"एकच पंगत!"

"मग मी जेवून उठले ती काय तुमचं तोंड बघायला?"

सारी पंगत खो-खो हसली. वॉल्टर यांचे कान लाल झाले. त्यांनी बादली दिली, पण जागचे हलले नाहीत.

"अहो बाई, आधी उजवीकडून! ...द्रोण भरला नाही! ...ते आजोबा राहिले!"

अनसाबाईनं मागे वळूनही पाहिलं नाही. तिची आपली रीत होती. आजोबांना तिनं परतताना वाढलं, आणि ढवळून, तळातलं दाट वाढलं.

वॉल्टर ओट्यावर येऊन बसले. हात रिकामे, सदऱ्यावर आमटीचे डाग. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं.

"बुवा, तिनं माझं एक ऐकलं नाही."

"हूं."

"मग मी आता... करू काय?"

बुवांनी त्यांचा खांदा धरला आणि तोंड हळूच पंगतीकडे वळवलं. भुरके चालले होते. कुणी भात मागत होतं, कुणी बोटं चाटत होतं.

मघाचे आजोबा द्रोण तोंडाला लावून आमटी ओरपत होते.

"बघा तरी, वाल्टरराव," बुवा खुशीत म्हणाले. "जेवतायत."