जीपची अंघोळ

गाड्यांचे भाग आपसांत बोलत असत तेव्हाची गोष्ट. दौलतराव आपली जीप रोज सकाळी धुवून लख्ख करत. एका सकाळी नळाला पाणीच आलं नाही, आणि नेमकं त्याच वेळी सुनेला बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यायचं होतं. जीप काही सुरू होईना.

"बॅटरी गेली वाटतं," म्हणत दौलतराव रिक्षा शोधायला धावले.

"मी ठणठणीत आहे," बॅटरी म्हणाली. "काल घाटात तापलेलं इंजिन घरी येताच जाम झालंय."

"रेडिएटरच रिकामा, तर तापणार नाही तर काय!" इंजिन कण्हलं.

रेडिएटरच्या चिरलेल्या पाइपातून उरलंसुरलं हिरवं कूलंट कोरड्या फरशीवर ठिबकत होतं.

"आधी सांगायला काय झालं होतं?" चकचकीत बॉनेट पाइपावर डाफरलं.

"रोज या फरशीवरच सांगत होतो," पाइप म्हणाला. "पण तुझ्या अंघोळीच्या पाण्यात ते वाहून जायचं."