सुई विभागाचे प्रमुख

पळसगड नावाचं एक जंगल होतं. तिथे झाडं होती, ओढे होते, एक डोंगर होता आणि लोकशाही होती. निवडणूक वेळच्या वेळी व्हायची. उमेदवार एकटे वाघ महाराजच असायचे, तरी मतदान अगदी गुप्त असे. कोणी कोणाला मत दिलं हे महाराजांखेरीज कोणालाही कळत नसे. पळसगडच्या जनावरांना याचा फार अभिमान. शेजारच्या जंगलात म्हणे राजा न विचारताच खातो. आपल्याकडे आधी मत विचारतात.

या जंगलात नारोबा नावाचं एक साळिंदर राहायचं. स्वभावाने गरीब, कंदमुळं उकरून खाणारं, कोणाच्या अध्यात ना मध्यात. अंगावर काटे मात्र एवढे, की पाहणाऱ्याला वाटावं हा मोठा तडफदार असणार. प्रत्यक्षात पाचोळा वाजला तरी नारोबाचे काटे उभे राहत, ते भीतीने. लोक त्याला राग समजत आणि नारोबा तो समज कधी दूर करत नसे. त्याची बायको सगुणा तेवढी त्याला पुरती ओळखून होती.

त्या वर्षी महाराजांनी घोषणा दिली, ‘ओढा तिथे दवाखाना!’ महाराज निवडून आले. दवाखाने झाले, दवाखान्यांना पाट्या लागल्या, पाट्यांवर महाराजांचं हसरं चित्र लागलं, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की आत बसायला वैद्यच नाहीत.

आरोग्यमंत्री होते तरसराव. आजारी आणि मरायला टेकलेल्या जनावरांविषयी त्यांना पहिल्यापासून जिव्हाळा. कोण कुठल्या झुडपात खंगत पडलंय, याची त्यांच्याइतकी ताजी माहिती कोणाकडेच नसे. म्हणून तर ते खातं त्यांना मिळालं होतं.

“वैद्य नाहीत?” तरसराव म्हणाले. “मग तयार करा. महाविद्यालय काढा.”

महाविद्यालय निघालं. आधी कमान झाली, मग कमानीमागे एक गुहा घेण्यात आली, गुहेला लागून रुग्णालय झालं आणि अधिष्ठाता म्हणून कोल्हेसाहेबांची नेमणूक झाली. फक्त एक अडचण होती. प्राध्यापक दाखवल्याशिवाय विद्यार्थी घेता येणार नाहीत, असा कोणीतरी नियम करून ठेवला होता. कोल्हेसाहेब प्राध्यापक शोधायला रानात निघाले आणि कंद उकरत बसलेल्या नारोबापाशी येऊन थबकले.

“या सुया का?”

“काटे आहेत, साहेब. जन्मापासूनच आहेत.”

“अंगभूत पात्रता!” कोल्हेसाहेबांचे डोळे चमकले. “आजपासून तुम्ही सुई विभागाचे प्रमुख.”

“पण साहेब, मला वैदकीतलं काही म्हणजे काही कळत नाही.”

“कळणारे मिळाले असते तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो?” साहेबांनी समजावलं. “शिकवायचं काही नाही. तपासणी असेल त्या दिवशी यायचं आणि गंभीर चेहरा करून उभं राहायचं. रताळी घरपोच येतील.”

नारोबाने जरा विचार केला. म्हणजे रताळ्यांचाच केला. मग हो म्हणाला.

तो काही एकटा नव्हता. घुबडाचे डोळे मोठे म्हणून त्याला नेत्ररोग दिले होते. सुतारपक्षी ठोकून बघतो म्हणून त्याला छातीचे विकार. अस्वलाला झोपेची चांगली जाण, त्यामुळे भूल विभाग त्याच्याकडे गेला. हजेरी चोख होती. रोज सकाळी प्रत्येक प्राध्यापकाने दारातल्या ओल्या मातीत पंजा उमटवायचा, असा सरकारचा कडक हुकूम होता. कोल्हेसाहेबांनी सगळ्यांच्या पंजांचे लाखेचे साचे करून घेतले. सकाळी शिपाई रानडुक्कर साच्यांची टोपली घेऊन यायचा आणि बसल्या जागी सगळ्या प्राध्यापकांना हजर करून टाकायचा. नारोबा वर्षभर एकदाही आजारी पडला नाही, एकदाही रजेवर गेला नाही. आपण इतके नियमित असू, असं त्याला स्वतःला कधी वाटलं नव्हतं.

विद्यार्थीही येत. शिकवायला कोणी नसल्यामुळे ते एकमेकांची नाडी बघत बसत. वर्ष संपलं की सगळे पास होत, कारण नापास करायलाही प्राध्यापक लागतो. पहिला आलेला वानर गोड आवळे घेऊन नारोबाच्या बिळावर आला, पाया पडला आणि म्हणाला, “सर, मी आज जो काही आहे तो तुमच्यामुळेच.” नारोबाला गहिवरून आलं. शब्द न शब्द खरा होता.

हळूहळू नारोबाला ‘सर’ ऐकायची सवय लागली. कोणी नुसतं ‘नारोबा’ म्हटलं की तो जरा उशिराने वळायचा. घसा साफ करून बोलायचा. ओढ्यावर एखादा ससा शिंकला तर मान हलवून “हं, हं” म्हणायचा आणि पुढे जायचा, आणि सशालाही बरं वाटायचं.

“सर,” सगुणा म्हणायची, “तेवढं बीळ झाडून घ्या.”

सगुणाला दिवस गेले होते. पोट खाली आलं तसं तिचं बोलणं कमी झालं. “अवो, दवाखान्यात सांगून ठिवा,” ती एकदा म्हणाली. “ह्या खेपंला काय तरी येगळंच वाटतंय. मला भ्या वाटतंय.”

“अगं, मी विभागप्रमुख आहे,” नारोबा म्हणाला. “तुझ्यासाठी सांगून कशाला ठेवायला लागतंय?”

आणि नेमक्या तपासणीच्या दिवशी, सकाळी, सगुणाला कळा सुरू झाल्या.

महाविद्यालयाला पुढची परवानगी द्यायची की नाही, हे ठरवायला बगळ्यांची समिती यायची होती. कोल्हेसाहेबांनी जय्यत तयारी केली होती. खऱ्या रोग्यांना उजाडताच मागच्या दाराने ओढ्याकाठी हलवलं होतं. खऱ्या रोग्यांना शिस्त नसते. ते खोकतात, कण्हतात आणि पाहुण्यांसमोर नको ते बोलतात. त्यांच्या जागी गुटगुटीत ससे आणि हरणं आणून निजवली होती, त्यांना पानांच्या पट्ट्या बांधल्या होत्या. एक ससा आपली पट्टी खात होता. त्याला दम देऊन दुसरी बांधली, तर तो तीही खाऊ लागला.

नारोबा सगुणाला आधार देत दारापाशी आला. दारात रानडुक्कर आडवा झाला.

“आज खरा पेशंट आत घ्यायचा न्हाई, सर. सायबांचा हुकूम हाय.”

“अरे, ही माझी बायको आहे!”

“बायकू आसंल, पर खरी आजारी हाय का न्हाई? मग न्हाई चालायचं. खोट्यांनाच जागा हाय.”

आता इथे एखाद्याने आरडाओरडा केला असता. एखादा काटे फुगवून आत घुसला असता. नारोबाचे काटे फुगले, पण ते कशाने फुगत हे आपल्याला ठाऊक आहेच. तो महाविद्यालयाचा माणूस होता. तिथली रीत त्याच्या अंगात मुरली होती. त्याने घसा साफ केला आणि सरांच्या आवाजात म्हणाला, “ही खोटीच आहे. तपासणीसाठी आणलीय.”

“मग आसं आधी सांगायचं की!” म्हणत रानडुकराने वाट सोडली.

सगुणाने नवऱ्याकडे एकदा पाहिलं. नारोबाला मात्र आपल्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. जागा मिळाली, बिछाना मिळाला, आता वैद्य तेवढा हवा होता.

तेवढ्यात बगळे आले. पांढरेशुभ्र, एका पायावर उभे राहून विचार करणारे. कोल्हेसाहेबांनी नारोबाला ओढून प्राध्यापकांच्या रांगेत उभं केलं. समिती एकेका बिछान्यापाशी थांबत सगुणापाशी आली आणि त्याच वेळी सगुणा अशी किंचाळली की भूल विभागाचे प्रमुख जागे झाले.

“वा!” मुख्य बगळा म्हणाला. “बऱ्याच महाविद्यालयांतले रोगी पाहिले. इतका हुबेहूब रोगी प्रथमच पाहतोय.”

“साहेब, ही खरीच अडलीय,” नारोबा रांगेतून म्हणाला.

“आमचे प्रमुख अगदी जीव ओतून काम करतात,” कोल्हेसाहेब हसत म्हणाले आणि नारोबाच्या कानाशी पुटपुटले, “शाब्बास! असंच चालू द्या.”

“प्राध्यापक, या रुग्णावर आपण काय उपचार कराल?” बगळ्याने विचारलं.

“वैद्य बोलवा हो कोणीतरी! लवकर बोलवा!”

“उत्तम. सहकाऱ्यांचा सल्ला घेण्याची वृत्ती.”

वैद्य आला. तोच तो पहिला आलेला वानर. त्याने मोठ्या काळजीने सगुणाची शेपटी हातात धरून नाडी पाहिली, कपाळावरचा घाम पुसला, सगुणाचा नव्हे, स्वतःचा, आणि नारोबाकडे वळून विचारलं, “सर, आता पुढे काय करायचं असतं?”

त्याच्या डोळ्यांत एवढा विश्वास होता की नारोबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मला येत नाही!” तो ओरडला. “मला काहीच येत नाही! मी कंद उकरून खाणारा साळिंदर आहे. मी याला काही शिकवलेलं नाही. इथे कोणी कोणाला काहीच शिकवलेलं नाही!”

बगळ्याने डोळे मिटले आणि मान हलवली. “विद्वानाच्या अंगी किती हा विनय!” मग समिती मासे खायला उपाहारगृहाकडे निघून गेली. कोल्हेसाहेब त्यांच्यामागे गेले, कोल्हेसाहेबांमागे बाकीचे प्राध्यापक गेले.

सगुणाजवळ राहिला नारोबा, वानर आणि पट्ट्या बांधलेली खोटी आजारी जनावरं. ती बिचारी बिछान्यांवरून उतरली आणि भोवती जमली. कोणी पाणी आणलं, कोणी वारा घातला. कोणालाच काही येत नव्हतं. सगुणा एकटीच झगडली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती सुटली. बाळ पूर्ण वाढलेलं होतं. काटे अजून मऊ होते. त्याने श्वास घेतला नाही.

नारोबा रडला. फार रडला. वानर तर त्याच्याहून जास्त रडला, आणि त्याला समजवायचं कोणी, हेही कोणाला कळेना.

महाविद्यालयाला परवानगी मिळाली. ‘रुग्णविभागातील वातावरण अत्यंत जिवंत’ असा समितीने खास शेरा मारला आणि विद्यार्थ्यांच्या जागा वाढवून दिल्या.

पुढच्या जनसभेत नारोबा उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच भीती नसताना त्याचे काटे उभे होते. “माझं बाळ गेलं,” तो म्हणाला. “माझ्या बायकोला बघायला एकही शिकलेला वैद्य नव्हता. याला जबाबदार कोण?”

तरसराव शांतपणे उठले.

“बंधुभगिनींनो, प्रश्न उत्तम आहे. सरकार एकाही प्रश्नापासून पळत नाही. मी अभिमानाने सांगतो, या जंगलात उपचाराअभावी एकाही जनावराचा मृत्यू झालेला नाही. ज्यांचे मृत्यू झाले, त्यांच्यावर उपचार सुरूच झाले नव्हते. मग अभाव कसला? राहिलं बाळ. त्याच्या जन्माची नोंद नाही. जो जन्मलाच नाही, तो मेला असं म्हणणं हा विरोधकांचा प्रचार आहे.” टाळ्या पडल्या. तरसरावांनी पंजा वर केला. “तरीही हे सरकार संवेदनशील आहे. रुग्ण खोटी असल्याचं दारावर कोणी सांगितलं? नवऱ्याने. त्या वेळी बिछान्याशी हजर कोण होतं? सुई विभागाचे प्रमुख. वर्षभर रोज हजर कोण होतं? मातीत पंजे उमटलेत! आणि एवढी हजेरी लावून यांनी विद्यार्थ्यांना काय शिकवलं? शून्य. सांगा, जबाबदार कोण?”

“साळिंदर!” सभा गरजली. ओढ्याकाठी हलवलेले खरे रोगी सगळ्यात मोठ्याने ओरडले. बिचाऱ्यांना ओरडण्याची संधी फार दिवसांनी मिळाली होती. तरसरावांनी तिथल्या तिथे प्रमुखांना निलंबित केलं. असा कर्तव्यकठोर मंत्री झाला नाही, असं जो तो म्हणू लागला. टाळ्यांचा कडकडाट झाला. सवयीने नारोबानेही दोन टाळ्या वाजवल्या.

घरी सगुणा भिंतीला टेकून बसली होती. “काय झालं?”

“जबाबदारी निश्चित झाली.”

“कुणावर?”

“माझ्यावर.”

“मग त्यात खोटं काय बोलले?” सगुणा म्हणाली. “मी मरत हुते आन् तुम्ही मला खोटी म्हनालात.” नारोबाने मान खाली घातली. ती पुन्हा म्हणाली, “पर तुम्हाला सर कुणी केलं, ते इचारलंत का?”

त्याने विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर सुचलंच नव्हतं.

सगुणा उठली. अजून नीट चालवत नव्हतं, तरी गेली आणि महाराजांच्या गुहेसमोर बसली. दुसऱ्या दिवशी एक हरणी येऊन तिच्याजवळ बसली. मग एक घोरपड आली, मग एक माकडीण. प्रत्येकीचं कोणी ना कोणी त्या ओढ्याकाठी गेलेलं होतं. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत. घोषणा दिल्या असत्या तर सरकारकडे उलट घोषणा तयार होत्या. नुसत्या गप्प बसलेल्या बायकांचं काय करायचं, याचं प्रशिक्षण मात्र कोणालाच नव्हतं. नारोबा सगळ्यांच्या मागे बसायचा. पुढे बसायची आपली लायकी नाही, एवढं त्याला आता कळलं होतं.

अखेर गर्दी गुहेच्या तोंडापर्यंत आली, महाराजांना शिकारीला बाहेर पडता येईना, तेव्हा महाराज द्रवले. डोळे पुसत बाहेर आले आणि म्हणाले, “माझ्या माताभगिनींचे अश्रू मला बघवत नाहीत. कोणी कितीही मोठा असो, मी गय करणार नाही.”

महाराज शब्दाचे पक्के. त्याच दिवशी तरसरावांकडून आरोग्य खातं काढून घेण्यात आलं. हल्ली ते महिला आणि बालकल्याण पाहतात.