कठड्यावरचा माणूस

“आवाज गेला कुठं, वस्ताद?”

रणधीर इंगवले तालमीच्या उंबऱ्यावर उभा राहून विचारत होता. आत म्हादबा वस्ताद लाल मातीत ताक आणि तेल कालवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

कोल्हापुरात तालमीच्या नावानंच फुटबॉलचा संघ असतो. कमानवेस तालमीच्या संघामागं ओरडणाऱ्या पोरांचा म्होरक्या म्हणजे हा रणधीर. लहानपणी वस्तादांच्या हाताखाली याच मातीत त्यानं जोर-बैठका काढल्या होत्या. पुढं कुस्ती सुटली, पण घसा तेवढा पैलवानाचा राहिला.

“कसला आवाज?” वस्तादांनी विचारलं.

“गॅलरीचा! तुमच्या वक्ताला गोल झाला की पार मंडईपतूर ऐकू जायाचं म्हणं. आता माणसं येत्यात आणि मोबाईल बघत बसत्यात. हाफ टाइमला वडा खायला उठली की गेलीच.”

“मग तू काय केलंस?”

रणधीरची छाती फुगली. काय करायचं बाकी ठेवलं होतं त्यानं! हलगीवाले आणले, स्पीकरची भिंत उभी केली, झेंडे शिवून घेतले. पहिली शिट्टी झाल्यापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत तो स्वतः गॅलरीपुढच्या कठड्यावर उभा राहायचा आणि माणसांना हात वर करायला लावायचा. हे सगळं त्यानं वस्तादांना सांगितलं, आणि जरा तिखटमीठ लावूनच सांगितलं.

“एवढं करून ढिम्म बसत्यात,” तो म्हणाला. “आणि येत्या रविवारी बी असंच झालं, तर कमिटी स्पर्धा गावाबाहेर नेणार. बंद मैदानात. बघणारं माणूसच न्हाई. साहेब म्हणत्यात, मोकळ्या बाकड्यांसाठी पोलीस कशाला उभे करायचे? …वस्ताद, पेठेचा फुटबॉल मरंल.”

हे म्हणताना त्याचा आवाज खरोखरच कापला. गडी गर्विष्ठ होता, पण खोटा नव्हता.

वस्तादांनी मातीची मूठ वळून पाहिली.

“मागल्या रविवारी आपला गोल कुणी मारला?”

“समीरनं.”

“कसा?”

“कसा म्हंजे…”

त्यानं डोकं खाजवलं.

“मारला की चांगला.”

वस्ताद पुन्हा माती कालवायला लागले.

“उपाय सांगा की, वस्ताद.”

“रविवारी येतो.”

रणधीरचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. वस्ताद मैदानात पाऊल टाकणार! घरी जाताना त्यानं मनातल्या मनात सगळा बेत आखून टाकला. वस्तादांना हार घालायचा, हातात माईक द्यायचा, गॅलरी पेटलीच म्हणून समजायची.

रविवारी वस्ताद आले. पांढरं धोतर, डोक्याला फेटा. रणधीरनं पुढं खुर्ची मांडली होती. वस्तादांनी हार गळ्यात घालून घेतला नाही, हातात घेतला. माईक घेतलाच नाही.

शिट्टी झाली. रणधीर कठड्यावर चढला, मैदानाकडं पाठ केली आणि गॅलरीकडं तोंड करून दोन्ही हात वर फेकले. हलगी कडाडली, स्पीकर दणाणले. पुढच्या रांगेतल्या पोरांनी हात वर केले आणि खाली घेतले. मागं एक जण फोनवर बोलत होता. एक म्हातारा कानात बोटं घालून बसला होता.

“आवाज!” रणधीर ओरडला. “मेलाय का काय सगळी? आवाज!”

तेव्हा वस्ताद उठले.

सावकाश चालत ते कठड्याशी आले. डोक्यावरचा फेटा काढून त्यांनी काखेत धरला. हातातला हार रणधीरच्या पायांत घातला, आणि त्याच्या धुळीनं भरलेल्या बुटांवर कपाळ टेकवलं.

हलगी बंद पडली.

कुणीतरी स्पीकरही बंद केला. अख्खी गॅलरी तोंडाचा आ करून बघत राहिली. तालमीतल्या मातीखेरीज म्हादबा वस्तादांनी कुणापुढं डोकं टेकवल्याचं पेठेत कुणी पाहिलं नव्हतं.

रणधीरनं कठड्यावरून खाली उडीच टाकली आणि वस्तादांचे दंड धरले.

“वस्ताद! वस्ताद, काय करताय ह्ये! पाप लागंल मला!”

“का रं?” वस्ताद शांतपणे म्हणाले. “समदी माणसं तुझ्याकडं तोंड करून बसवलीयास. माणसं देवाकडंच तोंड करून बसत्यात न्हवं?”

“मी कुठला देव! खेळ तिकडं चाललाय, माझ्या मागं…”

“व्हय?” वस्ताद म्हणाले. “कवापासनं?”

रणधीरची कानशिलं तापली. भर पेठेत, भर मैदानात गुरूनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं होतं. आता तोंड कुठं लपवायचं? त्यानं मान खाली घातली आणि तो तसाच वस्तादांचे दंड धरून उभा राहिला…

कुणी हलगी वाजवत नव्हतं. कुणी घोषणा देत नव्हतं. मागं कुठंतरी चेंडूवर बूट बसल्याचा आवाज झाला. पुन्हा झाला. गॅलरीतनं कुणीतरी हळूच म्हणालं, “अरं… अरं अरं…”

आणि मग गॅलरी फुटली.

असा आवाज रणधीरनं जन्मात ऐकला नव्हता. त्यात शब्द नव्हता, ताल नव्हता. पायाखालची फरशी हादरली. त्याला वाटलं, ही सगळी आपल्यालाच हसताहेत. त्यानं भीत भीत मान वर केली.

त्याच्याकडं कुणीच बघत नव्हतं.

कानात बोटं घातलेला म्हातारा बाकावर उभा राहून नाचत होता. एका बाईनं शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली होती. पलीकडं मांडवात कमिटीचे साहेब खुर्चीवर चढून शिट्टी मारत होते. हलगीवाला संजू ढसाढसा रडत होता आणि त्याची काठी कुठं पडली होती कुणास ठाऊक.

रणधीरनं त्याचा खांदा गदागदा हलवला.

“काय झालं? संज्या, काय झालं?”

संजूनं त्याच्याकडं वेड्यासारखं पाहिलं.

“तू बघितलं न्हाईस? समीऱ्यानं… तिघांच्यातनं काढला रं… तू हितंच हुतास की! बघितलं न्हाईस?”

रणधीरनं नव्हतं बघितलं. हा नव्हता बघितला, मागचा नव्हता, त्याच्या मागचाही नव्हता. ज्या संघासाठी तो जीव टाकत होता, त्या संघाचा एकही गोल इतक्या वर्षांत त्यानं डोळ्यांनी पाहिला नव्हता.

पण आवाज आला होता! खरा आवाज आला होता, आणि तो आता विझू द्यायचा नव्हता. रणधीरनं डोळे पुसले, पुन्हा कठड्यावर चढला, गॅलरीकडं तोंड केलं आणि दोन्ही हात वर उचलले.

समोरून कुणीतरी त्याचा शर्ट धरून खाली ओढला.

वस्ताद फेटा बांधून, खुर्ची कठड्याशी ओढून बसले होते; त्याच्या शर्टाचं टोक त्यांच्याच मुठीत होतं. मान तिरकी करून ते त्याच्या बाजूनं मैदान बघायची खटपट करत होते.

“खाली बस,” ते म्हणाले. “मागल्यांना दिसंना झालंय.”