कुंपणावरचा पहिला टोमॅटो

एका राज्यात, चैत्र सरत आला असताना, सूर्य कासराभर वर आल्यावर, भिवबा दवंडीवाल्याने आपल्या परसातला पहिला पिकलेला टोमॅटो तोडला, त्याचा एक घास घेतला आणि तो उभ्या जागी दगडाचा झाला. जागा कुंपणालगतच्या आळ्याची. पाहणारे दोघे: त्याची बायको म्हाळसा आणि कुंपणावर बसलेली साळुंकी. साळुंकी बोलत असे, आणि बोले ते खरे बोले. मात्र विचारल्याशिवाय बोलत नसे.

त्या राज्यात एक रीत होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी रोपावर जो पहिला टोमॅटो पिकेल, तो घरच्यांनी आधी खायचा नाही. कुंपणापाशी उभे राहून तो चिरायचा, मीठ लावायचे, आणि अर्धी फोड पलीकडच्या हातावर ठेवायची. पलीकडच्याने खाल्ल्यावर उरलेली आपली. मग पुढचे सगळे टोमॅटो ज्याचे त्याचे. रीत कोणी घातली हे कोणाला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसल्याने कोणाचे अडलेही नव्हते.

त्या वर्षी राजा वज्रकेतूच्या नावे हुकूम निघाला. पहिला पिकला टोमॅटो कुंपणावर द्यायचा नाही, राजवाड्यात आणून द्यायचा. देवीच्या नैवेद्यासाठी. जो मोडेल तो भोगेल. ही दवंडी गल्लोगल्ली पिटली ती भिवबानेच.

लोकांनी विरोध केला का? केला नाही. घाबरले म्हणून केला नाही असे मागाहून पुष्कळांनी सांगितले, ते खोटे आहे. ज्याला त्याला एखादा शेजारी नकोसा होता. कोणाची मोरी इकडे वाहत होती, कोणाची फांदी तिकडे गेली होती. त्या हातावर फोड ठेवायची नाही म्हटल्यावर लोकांना सुटल्यासारखे झाले. म्हाळसालाही झाले. पलीकडच्या तान्हूबाईशी तिचे बोलणे बंद होते. तान्हूबाईच्या कोंबड्यांनी तिची कोवळी रोपे उकरली, असे म्हाळसाचे म्हणणे होते.

भिवबा एके सकाळी डफाला नवे कातडे मागायला राजवाड्यात गेला. देवीच्या देवळाला कुलूप होते. टोपल्या मात्र आत जात होत्या, खजिन्याच्या दारातून. टोमॅटो उंबरठा ओलांडी आणि त्याचे माणिक होई. भिवबाने प्रधानाला विचारले, "नैवेद्य कुठे आहे?"

प्रधान म्हणाला, "दवंडी पिटणाऱ्याने दवंडी पिटावी."

भिवबा घरी आला. रोपावर एक टोमॅटो देठापर्यंत लाल झाला होता. तो म्हणाला, "जे मी खोटं ओरडलो, ते आता खातो." आणि खाल्ला. पुढे काय झाले ते सांगून झाले आहे.

म्हाळसाने त्याच्या छातीला कान लावला. आत, फार खोल, ठोका होता. तिने रोपाकडे पाहिले. खालची पाने पिवळी पडू लागली होती. तिने आळ्यात तांब्याभर पाणी घातले, पदर खोचला आणि राजवाड्याची वाट धरली.

वाट राजवाड्याच्या बागेतून जाई. विहिरीपाशी एका म्हातारीचा दगडी पुतळा होता, हात पुढे केलेला. म्हाळसाने पहारेकऱ्याला विचारले, "ही कोण?"

"पुतळा आहे," पहारेकरी म्हणाला. "पुतळे कोणी नसतात. चला पुढे."

दरबारात राजा बसला होता आणि प्रधान बोलत होता. म्हाळसाने घडले ते सांगितले. प्रधानाने ऐकून घेतले आणि निकाल दिला, "चौकशी झाली. तो इसम पूर्वीपासूनच दगडाचा होता."

"कालपर्यंत तो तुमचीच दवंडी पिटत होता."

"दगडी माणसाने दवंडी पिटली, हे राज्याला भूषण आहे."

"महाराज, तुम्ही सांगा," म्हाळसा म्हणाली. राजाने प्रधानाकडे पाहिले. प्रधानाने छताकडे पाहिले. दरबार उठला.

पायऱ्यांवर त्रिजट मांत्रिक सुपारी कातरत बसला होता. राजवाड्याचे मंत्र तोच घाली. म्हाळसाने त्याच्यापुढे उभे राहून विचारले, "त्रिजटबाबा, हे तुम्ही केलंत?"

"मंत्र माझा. हुकूम कोणाचा ते विचारू नका."

"उतारा आहे?"

त्रिजटाने अडकित्ता खाली ठेवला. "आमच्या विद्येचा नेम आहे. उतारा ठेवल्याशिवाय मंत्र बसत नाही, आणि विचारणाऱ्याला तो सांगावाच लागतो. आजवर कोणी विचारलं नाही, एवढंच. पहिला टोमॅटो खायला तीन गोष्टी लागतात. मीठ लागतं, ते खारट सरोवराच्या राक्षसाचं. सुरी लागते, ती वारुळातल्या नागाची. आणि पलीकडचा हात लागतो. तुमच्या नवऱ्याच्या मुठीतला टोमॅटो चिरा, अर्धा पलीकडे द्या. पण देणारीच्या मनात अढी असली, तर खाणारीही दगड होईल. रोप जिवंत आहे तोवर करा. रोप वाळलं की ठोका थांबला."

म्हाळसा आधी सरोवरावर गेली. सरोवर पांढरे होते आणि काठावर राक्षस चुलीपुढे बसला होता. भोवती माणसे बसली होती. ती रोज त्याचे जेवत आणि उठत नसत.

"मामा, मीठ हवं आहे," म्हाळसा म्हणाली.

"भाची आलीस, आधी जेव. मग सांग भाजी कशी झाली."

तिने घास घेतला. डोळ्यांत पाणी आले. भोवतालची माणसे एका सुरात म्हणाली, "उत्तम झाली, उत्तम झाली."

म्हाळसा म्हणाली, "मामा, भाजी खारट आहे. तोंडात धरवत नाही."

राक्षसाने डाव खाली ठेवला. "मलाही तसंच वाटत होतं," तो म्हणाला. "पण एवढी माणसं चांगली म्हणतात, तर मीच चुकत असेन असं धरून चाललो." त्याने तिच्या पदरात मूठभर मीठ बांधले आणि भोवतालच्यांना हाकलून दिले. उत्तम झाली म्हणत म्हणतच ते घरी गेले.

मग ती वारुळापाशी गेली. नाग सोन्याच्या ढिगावर वेटोळे घालून होता. त्याने फणा काढून म्हटले, "सोनं ने. सगळे तेच नेतात. मग अंगावर खवले आले की परत आणून देतात."

"नागोबा, मला सुरी हवी."

नागाने शेपटीने ढिगाखालून एक गंजकी सुरी ओढून काढली. म्हाळसाने तिच्या पात्यावरून अंगठा फिरवला आणि सुरी परत पुढे केली. "हिला धार नाही."

"जादूची सुरी आहे, बाई."

"असेल. पिकल्या टोमॅटोवर बोथट सुरी घातली की साल कापत नाही, गर चेचतो. धार लावून द्या."

नागाने फणा उतरवला. "राजे येऊन गेले, कोणी असं बोललं नाही," तो म्हणाला, आणि आपल्या खवल्यांवर घासून त्याने सुरीला धार लावून दिली. धार लावताना तो कुरकुरत होता, पण लावली चांगली.

म्हाळसा घरी आली तेव्हा रोपाला शेंड्याची तेवढी पाने हिरवी उरली होती. भिवबाच्या छातीतला ठोका आता कान दाबून धरल्याशिवाय लागत नव्हता. तिने कुंपणापाशी उभे राहून हाक मारली. "तान्हूबाई."

तान्हूबाई पलीकडे धान पाखडत होती. तिने सूप थांबवले नाही. "कोण ते? आमच्याकडे दगडाची माणसं राहत नाहीत. ती तुमच्याकडे."

म्हाळसाने सगळे सांगितले. त्रिजटाची शेवटची अटही सांगितली, लपवली नाही.

सूप थांबले. "म्हणजे तुझ्या मनात काही राहिलं, तर मी दगड होणार."

"हो."

"तुझ्या नवऱ्यासाठी."

"हो."

"मग आधी कोंबड्यांचं बोल."

म्हाळसा म्हणाली, "कोंबड्यांनी रोपं उकरली, पण मी ते सोडून दिलं आहे."

"सोडून दिलं म्हणजे गाठीला बांधून ठेवलं आहे," तान्हूबाई म्हणाली. "असल्या मनाच्या हातचं मी खाणार नाही. माझ्या कोंबड्या त्या दिवशी डालग्याखाली होत्या. शंभरदा सांगितलं."

"सांगणाऱ्याचं तोंड कोण धरतो? खरं कोण सांगणार?" म्हाळसाने वर पाहिले. साळुंकी कुंपणावर चोच घासत होती. म्हाळसाने विचारले, "साळुंके, कोंबड्या डालग्याखाली होत्या का?"

"होत्या," साळुंकी म्हणाली.

"मग रोपांची नासाडी कोणी केली?"

"भिवबाने. डफ गळ्यात अडकवून नवी चाल बसवत होता. पायाखाली पाहिलं नाही. मग घरात जाऊन निजला."

"आणि तू तेव्हा बोलली नाहीस?"

"तुम्ही दोघी बोलत होतात. मला कोणी विचारलं?"

म्हाळसा नवऱ्याकडे वळली. गावभर ओरडून सांगणारा माणूस आपल्या परसातले एवढेसे सांगायला विसरला होता. दगडाला बोलून उपयोग नसतो, म्हणून तिने बोलायचे ते राखून ठेवले. मग कुंपणाकडे वळून ती म्हणाली, "तान्हूबाई, चूक माझी. न बघता तुमच्यावर आळ घेतला. तुमच्या धाकटीच्या लग्नालाही आले नाही."

"नाही आलीस. तुझ्या पानाची पुरणपोळी मी गाईला घातली."

"गाय नशिबाची."

तान्हूबाईला हसू आले, ते तिने आवरले आणि उजवा हात कुंपणावरून अलीकडे केला. "दे. आणि मी दगड झाले तर कोंबड्यांना सांजेला दाणे तूच टाकायचे."

म्हाळसाने भिवबाच्या दगडी मुठीतल्या दगडी टोमॅटोवर सुरी ठेवली. सुरी आत गेली, जशी पिकल्या फळात जाते. रस बोटांवरून ओघळला, आणि टोमॅटोची पाने हाताळल्यावर येतो तो वास परसात पसरला. तिने फोडीला मीठ लावले आणि पलीकडच्या तळहातावर ठेवली. तान्हूबाईने डोळे मिटून खाल्ली.

साळुंकी पाहत होती. म्हाळसा पाहत होती. तान्हूबाईने गिळले, एक डोळा उघडला आणि म्हणाली, "आंबट आहे. अजून उन्हं मिळायला हवी होती."

भिवबाच्या बोटांना रंग आला, मग मनगटाला, मग गळ्याला. त्याने पहिला श्वास घेतला आणि तोंड उघडले. म्हाळसा म्हणाली, "आधी रोपांचं बोल." भिवबाने कुंपणापलीकडे पाहून हात जोडले आणि ते बोलला. नंतरच त्याला उरलेली अर्धी फोड मिळाली.

त्याच वेळी खजिन्यातल्या माणकांचे पुन्हा टोमॅटो झाले. पण इतके दिवस कोंडलेले टोमॅटो कसे असणार? दारे आतून फुटली आणि लाल रबडी राजवाड्याच्या पायऱ्यांवरून खाली आली. राजा चपला हातात घेऊन बाहेर पडला. राज्यातल्या प्रत्येक रोपावर दुसरा बहर पिकायला लागला, आणि पहिल्या दिवशी कुंपणाकुंपणावर एवढी माणसे उभी राहिली, की वाटांवर कोणी दिसेना. भिवबाने नवी दवंडी पिटली: हुकूम रद्द, रीत चालू. देवळाचे कुलूप काढण्यात आले. प्रधानाला पायऱ्या धुवायला लावले, आणि त्याने त्या धुतल्या.

राजा दरबारात म्हणाला, "हुकूम आम्ही काढला नाही, आमच्या नावे निघाला. आणि तो यंदाच निघाला. त्यापायी दगड झालेला भिवबा हा एकटाच." प्रधान म्हणाला, हुकूम राजाचा. त्रिजट म्हणाला, तो मंत्राचेच काय ते बोलेल. दरबार उठला. राज्य पूर्ववत चालू झाले.

भिवबा दरबारातून परत जाताना बागेतल्या विहिरीपाशी थांबला. म्हातारीच्या दगडी हातात एक गोल वस्तू होती, ती त्याने वाकून पाहिली. तो टोमॅटो होता. त्याच्यावर दातांच्या खुणा होत्या. त्याने तिच्या छातीला कान लावला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. आत काही नव्हते.

त्याने पहारेकऱ्याला विचारले, पहारेकऱ्याने प्रधानाला, प्रधानाने राजाला. ती कोण, तिचे रोप कोणत्या परसात होते, तिला इथे कोणी आणून ठेवले, हे आजवर कोणी सांगितलेले नाही. हात तिने बागेच्या भिंतीकडे पुढे केलेला आहे, आणि भिंतीपलीकडे लोकांची परसे आहेत. त्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत शेवाळ आहे, जाड, हिरवेगार, थरावर थर. शेवाळ एका उन्हाळ्यात चढत नाही.