सहा वाट्यांची फळी

"सगळं झकास लागलंय रे. पण कौसाबाईची वाटी कुठाय?"

अप्पाबुवांनी हे विचारलं तेव्हा श्रीरंग शाबासकीची वाट बघत उभा होता.

तसा त्याचा हक्कच होता. नाशिकच्या एका हॉटेलात बारा वर्षं भटारखाना सांभाळलेला माणूस. सगळं सोडून गिरणाकाठच्या या दोन खोल्यांच्या मठीत आला होता, बुवांकडून मंत्र घ्यायला. बुवा म्हणाले होते, "आधी माझं स्वयंपाकघर लावून दे. मंत्राचं मग बघू."

गड्याने बाह्या सरसावल्या त्या तीन दिवस खाली घेतल्या नाहीत. मीठ-तेल शेगडीच्या उजव्या हाताला. डाळी काचेच्या बरण्यांत, खिडकीच्या उजेडात. बुवांचा गुडघा वाकत नाही म्हणून पिठाचा डबा चौरंगावर. हे गुडघ्याचं तो बोलला नव्हता, पण बुवांनी डब्यावरून दोनदा हात फिरवला होता.

आणि समोरच्या फळीवर सहा पितळी वाट्या. एकसारख्या, लखलखीत.

"कौसाबाईंची त्यांना देऊन आलो," श्रीरंग म्हणाला. "हमीदाभाभींचीही. शेजारच्या सहा घरांच्या सहा वाट्या होत्या इथं, एकीला एक जुळत नव्हती. तुमच्या त्यांच्याकडे पडल्या होत्या, त्या घेऊन आलो."

"दिल्यास त्या... काय घालून दिल्यास?"

"घालून?"

"वाटीत काय होतं?"

"काही नाही. चिंच लावून घासल्या होत्या, बुवा. आरशासारख्या."

बुवा हळूच चौरंगाच्या कडेला टेकले.

"रिकाम्या..."

आता श्रीरंगच्या लक्षात आलं. वाटी रिकामी परत धाडायची नसते, हे त्याच्या आईनेही त्याला शिकवलं होतं. बारा वर्षं भांडी मोजून घेता-देता ते कधी विसरलं, त्यालाच कळलं नाही.

"कौसाबाई काही म्हणाली?"

श्रीरंगने मान खाली घातली. "म्हणाल्या... बुवा रागावलेत का आमच्यावर?"

बुवांनी दाराकडे पाहिलं. एरवी जेवणवेळेला कोणी ना कोणी पदराखाली झाकून काहीतरी आणायचंच. आज उन्हं उंबऱ्यावर आली, तरी पाऊल वाजलं नव्हतं.

बुवा उठायला लागले. श्रीरंगने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्ही बसा."

रवा हाताशी होता, तूपही हाताशीच होतं. कढई शोधावी लागली नाही. शिरा किती पटकन झाला म्हणता! वेलदोड्याचा वास बाहेर ओसरीपर्यंत गेला. श्रीरंगने सहा वाट्या भरल्या, ताटात मांडल्या, वर फडकं टाकलं आणि बाहेर पडला.

परत यायला त्याला बराच वेळ लागला. प्रत्येक घरी बसावं लागलं. कौसाबाईंनी आधी फडक्याखालून वाटी उचलून वास घेतला, मग त्याला चांगलं फैलावर घेतलं, आणि मग त्याच्या आईची चौकशी केली. हमीदाभाभींनी शिरा चाखून सांगितलं, "तूप कमी पडलंय, भाई." हॉटेलात असं कोणी म्हटलं असतं तर तो दिवसभर धुमसत राहिला असता. इथं तो नुसता हसला. किती दिवसांनी हसला, कोण जाणे.

मठीत पाऊल टाकलं तर समोर फळी. तिच्यावर एकही वाटी नव्हती. तीन दिवसांच्या मेहनतीतली सगळ्यात देखणी जागा मोकळी पडली होती, आणि गंमत म्हणजे त्याला ती मोकळी बघवत होती.

बुवा दुखऱ्या गुडघ्याला तेल चोळत बसले होते. श्रीरंगने तेलाची बुधली त्यांच्या हातून घेतली आणि स्वतः चोळू लागला.

"बुवा... माझा मंत्र?"

बुवांनी त्याच्या केसांतून हात फिरवला.

"वाटी परत येईल ना, तिच्यात बघ."