हाल्डेनबाखचा हेव्याचा चढ

जर्मनीतल्या हाल्डेनबाख गावामागे द्राक्षमळ्यांतून टेकडीवर जाणारा एक उभा चढ आहे. गावात नवी मोटरसायकल आली की आधी ती या चढावर आणतात. मधल्या वळणावर मात्र इंजिन बंद करतात आणि तिथून माथ्यापर्यंत गाडी मागून ढकलत नेतात. पाहुण्यांनी कारण विचारले की गावातली जुनी माणसे गेबहार्टचे नाव घेतात.

तेव्हा गावात विणकामाची यंत्रे बनवणारा कारखाना होता, असे सांगतात. तो गेबहार्टने उभा केला. त्याच्या यंत्रावर विणलेले मोजे सगळ्या खोऱ्याच्या पायांत होते. पुढे त्याचा धाकटा भाऊ लोरेंत्स तिथल्याच एका शेडमध्ये सायकली करू लागला. गेबहार्टने ते सोसले. मग लोरेंत्सने सायकलीला इंजिन बसवले आणि फटफट करत बाजारातून चक्कर मारली. लोक हातातली कामे टाकून धावले. गेबहार्टची बायको आपोलोनियासुद्धा पिठाच्या हातांनी खिडकीशी गेली. इतक्या वर्षांत तिने नवऱ्याच्या यंत्राबद्दल अवाक्षर विचारले नव्हते. त्या दिवशी जेवताना मात्र म्हणाली, "अहो, पायडल न मारता चाक फिरतं तरी कसं?"

 तेव्हापासून गेबहार्ट आतल्या आत जळू लागला. लोरेंत्सच्या शेडमध्ये कामगार हसले, तरी त्याला वाटे, आपल्यालाच हसतात. शेवटी एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर, भर गर्दीत तो बोलून गेला, "ते खेळणं मळ्याचा चढ चढलं, तर मी कारखान्यात पुन्हा पाऊल ठेवणार नाही!"

पुढच्या रविवारी सगळा गाव पायथ्याशी जमला. गेबहार्ट एकटाच वर वळणावर जाऊन उभा राहिला. गाडी धडधडत तिथवर आली आणि चाक फिरवणारा चामडी पट्टा फटकन तुटला. वळणाआडचे खालच्या कोणालाच दिसत नव्हते. देव पावला, असे गेबहार्टला वाटले म्हणे.

लोरेंत्स घामाने निथळत होता. "जिंकलास, दादा."

गेबहार्टने पट्टा उचलून उलटा केला. टाके ओळखीचे होते. "हा तर माझ्या यंत्राचा पट्टा!"

"हो. याहून मजबूत मला कुठे मिळाला नाही."

 गेबहार्ट गाडीच्या मागे गेला आणि त्याने खांदा लावला. भावाच्या मायेने लावला, असे काही जण सांगतात. आपला पट्टा तुटल्याचे गावाला कळू नये म्हणून लावला, असे बाकीचे. दोघांनी गाडी माथ्यावर नेली. लोक धापा टाकत वर पोचले, तेव्हा कोणीतरी गेबहार्टला शपथेची आठवण करून दिली.

"गाडी चढली नाही," गेबहार्ट म्हणाला, "मी चढवली."

सोमवारी तो कारखान्यात आला तो थेट लोरेंत्सच्या शेडमध्ये. त्याचा हेवा काही गेला नाही. धाकट्याची स्तुती कानावर आली की म्हातारपणीही त्याचा चेहरा आंबट होई. पण त्यानंतरच्या प्रत्येक गाडीचा पट्टा त्याने स्वतःच्या हाताने शिवला.

आजही नव्या गाडीचा ज्याला सगळ्यात जास्त हेवा वाटतो, त्यानेच ती ढकलायची असते. मालक कोणाचे नाव घेत नाही. वळणावर उतरतो आणि वाट पाहतो. मग कधी शेजारी, कधी मेव्हणा, कधी सख्खी बहीण मान खाली घालून पुढे येते. कोणीच आले नाही, तर मालक बिचारा एकटाच ढकलत वर जातो, आणि घरी परतल्यावर ती गाडी त्याला पहिल्यासारखी आवडत नाही, असे म्हणतात.