टिटवीनं पेललेलं आभाळ

फार जुनी गोष्ट. तेव्हा माळावरच्या टिटव्यांना आभाळ कोसळेल अशी धास्ती होती. म्हणून त्या रोज रात्री उताण्या निजायच्या आणि आभाळ पेलायला पाय वर धरायच्या. डोळे मात्र घट्ट मिटायचे, असा घराण्याचा दंडक होता.

एका रात्री पिल्लू ओरडलं, "आई, तारे पडताहेत!"

टिटवीचा पारा चढला. डोळे मिटूनच ती नवऱ्यावर खेकसली, "अहो, पाय ढिले सोडलेत ना? सगळं मी एकटीनंच पेलायचं का?"

"मुंग्या आल्यात पायांना, तरी हलवले नाहीत!" तोही चिडला.

"मग या कार्ट्यानंच खाली घेतले असणार!"

"मी तर रोजच घेतो," पिल्लू म्हणालं. "आभाळ आहे तिथंच आहे. बघ तरी!"

त्याला दटावायला टिटवीनं डोळे उघडले. तारे एकामागून एक सर्रकन निखळत होते आणि आभाळ जागचं हललं नव्हतं. तिनं एक पाय खाली घेतला, मग दुसरा.

बराच वेळ ती नुसती बघत राहिली. मग ती संतापून म्हणाली,

"माझी आई याच माळावर जन्मली, याच माळावर मेली. तिला हे कुणीच कसं बघू दिलं नाही?"